बॅटरी कोणी टिकवायची?

मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक लेखनप्रकार चांगलाच रुजला आहे. 'बॅटरी जास्त काळ टिकवण्यासाठी काय कराल?' अशा धर्तीचे त्याचे शीर्षक असते. खाली पाच, सात किंवा दहा कलमे असतात. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवू नका. बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली आणि ऐंशीच्या वर जाऊ देऊ नका. मूळ चार्जरच वापरा. उपकरण उष्णतेपासून दूर ठेवा. पडद्याची उजळता कमी करा. शेवटी एक आश्वासन असते: एवढे पाळलेत तर उपकरणाचे आयुष्य आणि कार्यक्षमता दोन्ही वाढतील. ह्या मजकुराचे व्याकरण पाककृतीचे असते. सगळी वाक्ये आज्ञार्थी, आणि साहित्य घरात आहेच असे धरून लिहिलेली.

साहित्यविचाराने अशा मजकुराकडे लक्ष दिलेले नाही आणि ते स्वाभाविकही आहे. पण कोणत्याही कवितासंग्रहापेक्षा अधिक वाचला जाणारा हा मजकूर कोणाला उद्देशून लिहिलेला आहे, तो वाचकाबद्दल काय गृहीत धरतो आणि कोणाला नजरेआड करतो, हे प्रश्न मुळात समीक्षेचेच आहेत. ते विचारायला हरकत नसावी.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ह्या मजकुरातले बहुतेक सल्ले रसायनशास्त्राच्या दृष्टीने खरे आहेत. तरीही बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशात बसून वाचले, तर तो मजकूर खोटा ठरतो. कारण त्यातले प्रत्येक वाक्य भिंतीवरच्या बोर्डात वीज सदैव आहे असे धरून चालते. वीज कधी येईल आणि कधी जाईल हे ज्याच्या हाती नाही, त्याला 'बॅटरी नीट वापर' असे सांगणे म्हणजे पुरवठा करणाऱ्याची जबाबदारी वापरणाऱ्याच्या सवयीवर ढकलणे होय. हा केवळ पुरवणीतल्या उपसंपादकाचा निष्काळजीपणा नाही. ह्या उपदेशामागे एक दृष्टी आहे, आणि ती दृष्टी शासकीय आवाहनांतही तशीच्या तशी आढळते.

प्रथम शब्दाविषयी. पुरवणीत 'बॅटरी' म्हणजे भ्रमणध्वनीच्या पोटातली वस्तू. गेवराई, वडवणी, धारूर, आष्टी ह्या तालुक्यांतल्या बोलण्यात 'बॅटरी' म्हणजे आधी हातातला विजेरीचा दिवा. 'बॅटरी मार' ह्याचा अर्थ उजेड पाड. आतल्या वस्तूला 'सेल' म्हणतात. मराठी कोशांनी सुचवलेला 'विजेरी' हा शब्द सुंदर असला तरी तो शेताच्या बांधापर्यंत गेला नाही. 'बॅटरी' गेली, कारण ती तिथे लागत होती. शहरात जो शब्द साठवणीचा झाला तो गावात उजेडाचा झाला, ह्यात दोन ठिकाणच्या गरजांचा फरक स्पष्ट दिसतो.

ह्या 'बॅटरी'ची निगा राखण्याचे ज्ञान गावाला पुरवणीकडून शिकावे लागलेले नाही. जस्त-कार्बनचे सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळी पुन्हा घालायचे, ही रीत दोन पिढ्यांनी पाहिली आहे. तिला अडाणीपणा समजण्याचे कारण नाही. उष्णतेने सेलमधली रासायनिक क्रिया थोडी वेगाने होते, आतला रोध कमी होतो आणि उरलीसुरली शक्ती काही काळ बाहेर येते. सेल उलटे घालून ठेवणे, म्हणजे खिशात किंवा पिशवीत कळ चुकून दाबली गेली तरी ते उतरत नाहीत. गळालेला सेल लगेच काढणे, नाहीतर पत्रा गंजतो. नवा आणि जुना सेल एकत्र न घालणे. हे सारे शास्त्राला धरून आहे आणि टंचाईतून शिकलेले आहे. काटकसरीचे धडे ज्यांनी जगाला द्यावेत त्यांनाच आपण ते देतो आहोत.

आता त्या उपदेशाच्या शास्त्रीय बाजूकडे वळू. सामान्य मराठी घरात आज निदान तीन प्रकारच्या पुनर्भारित होणाऱ्या बॅटऱ्या आल्या किंवा येऊन गेल्या आहेत, आणि तिघींचे धर्म वेगळे आहेत. निकेल-कॅडमियमची बॅटरी जुन्या बिनतारी दूरध्वनींत आणि सुरुवातीच्या भ्रमणध्वनींत असे. 'पूर्ण उतरू द्या, मगच चार्ज करा' हा नियम तिच्यासाठी होता. लिथियम-आयन सेल १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणला आणि पुढे तो सर्वत्र गेला. त्याच्यामागच्या संशोधनाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या सेलला तो जुना नियम लावणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे. त्याला अर्धवट चार्जिंगने काही होत नाही. पूर्ण रिकामे पडून राहणे, पूर्ण भरलेल्या अवस्थेत तापणे, ह्यांनी तो लवकर म्हातारा होतो. म्हणून वीस ते ऐंशीचा सल्ला.

तिसरी बॅटरी शिसे आणि गंधकाम्लाची: इन्व्हर्टरची, ट्रॅक्टरची, मोटारसायकलची. हिचा धर्म लिथियमच्या नेमका उलटा आहे. तिला नेहमी पूर्ण भरलेले राहायला आवडते. अर्धवट भरून ठेवली तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि ती कायमची दुबळी होते. तिच्यातले पाणी उडते. ते शुद्ध पाण्यानेच भरावे लागते, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नव्हे. पंचवीस अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा कारागिरांचा आणि अभियंत्यांचाही ठोकताळा आहे. आता 'बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर नेऊ नका' हे वाक्य कोणती बॅटरी ते न सांगता छापले, आणि ते वाचून कोणी इन्व्हर्टरचे चार्जिंग रोज मध्येच बंद करू लागला, तर त्याचे काही हजार रुपये दोन वर्षांत मातीत जातील. पुरवणीतले लेख हा भेद क्वचितच करतात. जिथून हा मजकूर उचलला जातो तिथे इन्व्हर्टर ही घरगुती वस्तूच नाही. भाषांतर करणाऱ्याने शब्द बदलले. वाचकाचे घर बदलले आहे हे त्याच्या ध्यानात आले नाही.

पण समजा, हे भेद सांभाळून कोणी निर्दोष लेख लिहिला. तरी मूळ अडचण संपत नाही. ती समजण्यासाठी बीड जिल्ह्याच्या विजेची स्थिती पाहावी लागेल.

ह्या जिल्ह्यात वीज तयार होत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. परळी वैजनाथ येथे औष्णिक विद्युत केंद्र १९७१ पासून आहे. जुने संच बंद झाले. नंतरच्या काळात प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. गावाची भाषा त्याला नुसते 'थर्मल' म्हणते. ज्या गावाला मराठी भाविक ज्योतिर्लिंगाचे स्थान मानतो, त्याच गावाने राज्याच्या दिव्यांसाठी अर्धशतक कोळसा जाळला आणि राख अंगावर घेतली. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. वीज जाळ्यात जाते आणि जाळ्याला तालुका नसतो, हे तांत्रिक सत्य मला मान्य आहे. परंतु जाळ्यातून ती कोणाला किती वाजता द्यायची, हे निसर्ग ठरवत नाही, माणसे ठरवतात.

ती कशी ठरली ते आठवून पाहावे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महावितरणने वाहिन्यांची वर्गवारी केली. जिथे गळती अधिक आणि वसुली कमी तिथे अंधार अधिक. 'अ'पासून 'ग'पर्यंतच्या ह्या उतरंडीत मराठवाड्यातल्या कितीतरी वाहिन्या तळाशी राहिल्या. एका वाहिनीवर शंभर ग्राहक असतील आणि त्यांतले चाळीस बिल भरत नसतील, तर उरलेले साठही अंधारात. नियमित बिल भरणाऱ्याला शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा देणारी अशी व्यवस्था दूध, रेशन किंवा शाळा ह्यांच्या बाबतीत आपण सहन केली असती काय? ह्याच काळात, २००६ साली, पुणे शहराने प्रति युनिट जादा आकार भरून भारनियमनातून सुटका करून घेतली. पुणेकरांना दोष देण्याचा हेतू नाही. मात्र अंधारातून बाहेर पडण्याचा मार्ग पैशाने विकत घेता येतो हे एकदा ठरले, की ज्यांना तो घेता येत नाही त्यांच्या अंधाराला धोरण म्हणण्याची सवय लागते.

बीड, अंबाजोगाई, माजलगाव ह्या शहरांतल्या मध्यमवर्गानेही तेच केले, एकेकट्याने. त्याने इन्व्हर्टर घेतला. त्यातून जाणाऱ्या विजेचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा साठवण्यात आणि परत काढण्यात उष्णता होऊन वाया जातो. लाइट आली की साऱ्या गल्लीचे इन्व्हर्टर एकदम चार्जिंगला लागतात आणि आधीच वाकलेल्या डीपीवर आणखी ओझे येते. टंचाईवरचा हा खाजगी उपाय टंचाई वाढवतो. त्याहून मोठे नुकसान दुसरे आहे. ज्याच्या घरात इन्व्हर्टर आला त्याने वायरमनला फोन करणे, कार्यालयात अर्ज देणे, मोर्चात जाणे सोडून दिले. ज्याच्याकडे लिहिता-बोलता येण्याची शक्ती होती, नेमका तोच तक्रारीतून बाहेर पडला. त्याची चिंता आता एकच: बॅटरी किती वर्षे टिकेल? पुरवणीतला लेख त्याच्यासाठी आहे.

आणि तो ज्यांच्यासाठी नाही त्यांची संख्या पाहावी. शेतीपंपांना तीन फेजची वीज आठवड्याच्या चक्राने मिळत आली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रपाळी आली की हरभऱ्याला, ज्वारीला, उसाला पाणी द्यायला रात्रीच जावे लागते. पौषातल्या थंडीत दारे धरायला गेलेल्या माणसाच्या एका हातात खोरे असते आणि डोक्याला किंवा दुसऱ्या हातात बॅटरी. त्या बॅटरीची 'कार्यक्षमता' म्हणजे बांधावरचा साप वेळेत दिसणे, वाफा फुटलेला कळणे, स्टार्टरच्या पेटीत हात घालताना उघडी तार दिसणे. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने काही दिवसांच्या अंतराने माणसे मारली. बिबट्याच्या प्रदेशात वनखात्याचा नेहमीचा सल्ला असतो: अंधारात एकट्याने शेतात जाऊ नका, बॅटरी जवळ बाळगा, आवाज करत चाला. सल्ला योग्यच आहे. पण एक खाते म्हणते रात्री जाऊ नका आणि दुसरे खाते वीज रात्री देते. दोन्ही खाती एकाच शासनाची. मधल्या विसंगतीचा भार कोणावर? तर बॅटरीवर, आणि ती धरणाऱ्या हातावर.

ह्याच्याशी अगदी जुळणारे दुसरे उदाहरण 'ऑटो स्विच'चे आहे. पंपाच्या स्टार्टरला शेतकरी ऑटो स्विच बसवतात, म्हणजे वीज आली की पंप आपोआप चालू होतो. दर रब्बी हंगामात महावितरणचे आवाहन असते: ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा. कारण रास्त आहे. वीज येताच साऱ्या शिवारातले पंप एकाच क्षणी सुरू झाले तर सुरुवातीचा प्रवाह कित्येक पटींनी असतो आणि डीपी जळते. कॅपॅसिटरने प्रवाह कमी होतो, दाब सुधारतो, मोटारीचे आयुष्य वाढते. सारे खरे. पण शेतकऱ्याने ऑटो स्विच बसवला का? वीज मध्यरात्री येते, मध्येच जाते, पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी कोणी उठून विहिरीवर जायचे म्हणून. तो स्विच काढणे म्हणजे झोप काढून घेणे. आवाहनात ह्या कारणाचा उल्लेख नसतो. उपदेश कारणाकडे पाहत नाही, सवयीकडे बोट दाखवतो. 'बॅटरी टिकवा' आणि 'ऑटो स्विच काढा' ही दोन्ही वाक्ये तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत आणि दोन्ही सारख्याच प्रकारे अन्याय्य आहेत. वरून आलेल्या अनिश्चिततेचा हिशेब ती खालच्या माणसाच्या नावावर मांडतात.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची गोष्ट तर ह्याच्याही पुढची. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. तिथे बोर्ड नाही, मीटर नाही. गाडी भरायला रात्री केव्हाही उठावे लागते आणि ती आल्याचे मुकादम फोनवर कळवतो. म्हणजे फोन चालू असणे ही हौस नव्हे, कामाची अट आहे. गावी ठेवलेल्या म्हाताऱ्या आईची आणि शाळकरी मुलांची खबर त्याच फोनवर. चार्जिंग कुठे? ट्रॅक्टर असेल तर त्याच्या बॅटरीवर, नाहीतर चहाच्या टपरीवर, एखाद्याकडे सौर पट्टी असेल तर तिच्यावर. अशा माणसाला 'ऐंशी टक्क्यांना काढून घ्या' हा सल्ला कसा सांगणार? त्याला आज शंभर टक्के मिळाले तर ते घेतलेच पाहिजेत, कारण उद्याचे ठाऊक नाही. 'मूळ चार्जरच वापरा' म्हणावे तर टपरीच्या एका बोर्डावर चार फोन लागलेले असतात. 'उष्णतेपासून दूर ठेवा' म्हणावे तर बहुतेक लिथियम सेलच्या चार्जिंगची वरची मर्यादा पंचेचाळीस अंश मानली जाते. प्लास्टिकच्या कागदाखालची कोपी आणि पत्र्याखालची खोली मार्च-एप्रिलच्या दुपारी त्या मर्यादेजवळ सहज पोचते. दहा कलमांपैकी एक कलमही त्याच्या हाती नाही. त्याची बॅटरी वर्षभरात बसली तर पुरवणीच्या न्यायाने तो निष्काळजी ठरतो.

आता खुद्द सेलकडे येऊ. डोक्याला बांधायच्या बॅटरीत सामान्यतः जो लिथियम सेल असतो त्याला त्याच्या मापावरून १८६५० म्हणतात: अठरा मिलिमीटर व्यास, पासष्ट मिलिमीटर लांबी. हाच सेल जुन्या लॅपटॉपमध्ये असे, पॉवरबँकेत असतो आणि पाश्चात्त्य देशांत वाफेची सिगारेट ओढणाऱ्यांच्या मोठ्या उपकरणांतही असतो. बॅटरीच्या निगराणीवर जगात जे अतिशय बारकाईचे लेखन झाले आहे त्यात ह्या शौकिनांचा वाटा मोठा आहे: सेलचे वेष्टण फाटलेले नसावे, जोडीने वापरायचे सेल जोडीनेच चार्ज करावेत, गुंडाळीचा रोध मोजावा, खिशात सुटा सेल किल्ल्यांबरोबर ठेवू नये. त्यांच्या दृष्टीने कार्यक्षमता म्हणजे धुराचा दाटपणा. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. सेलला धूर आणि उजेड सारखेच. पण त्याच जगात दुसरे टोकही आहे. एकदा वापरून फेकायच्या वाफ-सिगारेटींमध्ये पुन्हा चार्ज होऊ शकेल असा लिथियम सेल घालून, चार्जिंगचे भोकच न ठेवता, त्या लाखोंनी विकल्या गेल्या. ब्रिटनने १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली तोवर असे किती धडधाकट सेल कचऱ्यात गेले असतील! वडवणीच्या डोंगरात एक सेल तीन वर्षे जपला जातो आणि तिकडे तो तीन दिवसांत फेकला जातो. तरी बॅटरी जपण्याचा उपदेश वाहतो तिकडून इकडे.

आपल्याकडे ह्या सिगारेटींवर सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि डिसेंबरात कायदा आला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात ह्या साऱ्यावर बंदी. बंदी योग्य की अयोग्य हा ह्या लेखाचा विषय नाही. माझा मुद्दा एवढाच की एखाद्या उपकरणाविषयी शासनाला काही करायचे असले की ते करता येते. मग आठवडी बाजारात हेडलाइटबरोबर मिळणाऱ्या सेलवर ९,९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले असते, त्याचे काय? ह्या मापाचा चांगल्यात चांगला सेल साडेतीन-चार हजारांपुढे जात नाही. ते छापील आकडे उघड खोटे आहेत. लिथियम सेलना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी आहे, पण बाजाराच्या दिवशी पालाखाली तिचा मागमूस नसतो. शेतकरी ज्या बॅटरीला 'टिकत नाही' म्हणतो ती पुष्कळदा टिकण्याइतकी कधी भरलेलीच नव्हती. वापरणाऱ्याच्या कोणत्याही सवयीने ही फसवणूक भरून निघणार नाही. पुरवणीत छापण्याजोगे पहिले कलम खरे तर हे आहे: सेलचे वजन करा. चांगला १८६५० सेल पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. त्याहून फारच हलका असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका.

ह्या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला: शेतकरी बिलेच भरत नाहीत, मग कोणत्या तोंडाने वेळेवर वीज मागता? ह्यात अर्धसत्य आहे. थकबाकी आहे. पण मीटर नसलेल्या किंवा बंद मीटरच्या पंपांवर अंदाजाने वापर लावला जातो आणि वितरणातली गळती व चोरी त्या फुगवलेल्या आकड्यांत दडते, हे पुण्याच्या प्रयास गटाने आणि वीज ग्राहक संघटनेच्या प्रताप होगाडे ह्यांनी वर्षानुवर्षे मांडले आहे. शिवाय २०२४ पासून राज्यशासनानेच साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल स्वतःकडे घेतले. आता थकबाकीचे कारण तरी उरले नाही. वीज फुकट झाली, पण ती किती वाजता येणार हा प्रश्न तसाच राहिला. फुकट आणि मध्यरात्री ह्यापेक्षा पैसे देऊन सकाळी, असे किती शेतकरी निवडतील हे एकदा विचारून पाहावे.

दुसरा आक्षेप अधिक सौम्य आहे. दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात. वीज मागत राहा आणि तोवर बॅटरीही जपा. त्यात चूक काय? काहीच नाही, जर ती दोन्ही वाक्ये एकत्र छापली जात असतील. प्रत्यक्षात दुसरेच छापले जाते. विद्युत अधिनियम २००३ नुसार नियामक आयोगाने पुरवठ्याच्या कृतीची मानके ठरवावीत आणि ती न पाळल्यास ग्राहकाला भरपाई मिळावी, अशी तरतूद आहे. डीपी जळाल्यावर ती किती वेळात बदलावी, ह्याला मर्यादा आहे. गावोगावी डीपीसाठी लोक वर्गणी काढतात, स्वतःच्या ट्रॅक्टरने ती नेऊन आणतात, आणि हा आपला हक्क होता हे त्यांना सांगणारे दहा कलमांचे सदर कोणी चालवत नाही. पडद्याची उजळता कशी कमी करावी हे सांगणारे मात्र दर महिन्याला सापडते.

सौर योजनांमुळे चित्र बदलू लागले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ चा तिचा दुसरा टप्पा ह्यांचा उद्देशच दिवसा वीज हा आहे. जोडीला सौर पंपही बसत आहेत. जिथे दिवसा पाणी देता येऊ लागले तिथे रात्रीची बॅटरी खुंटीला लागली. माझ्या म्हणण्याचा ह्याहून चांगला पुरावा नाही. त्या शिवारात कोणी वीस ते ऐंशीचा नियम पाळायला शिकले म्हणून बॅटरी टिकली नाही, तिची गरज कमी झाली म्हणून टिकली. जिथे अजून ते झालेले नाही, तिथे ते कधी होणार ह्याची तारीख मागणे हीच बॅटरीची खरी निगा.

तेव्हा ह्या विषयावर मराठीत लिहायचेच असेल तर ते इथल्या माणसासाठी लिहावे. त्याला सांगावे की लिथियमची बॅटरी लाइट असेल तेव्हा, असेल तेवढी, बिनदिक्कत चार्ज करावी; थोडी थोडी भरल्याने ती बिघडत नाही. पूर्ण उतरलेला फोन आठवडे तसाच ठेवू नये. पत्र्यावर, उन्हात, ट्रॅक्टरच्या काचेमागे ठेवू नये. फुगलेला सेल टोचू नये, चुलीत तर मुळीच टाकू नये. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र पूर्णच भरावी. हे पाच ओळींत संपते. उरलेली जागा वाहिनीच्या वेळापत्रकाला, भरपाईच्या अर्जाच्या नमुन्याला आणि सेलवरच्या खोट्या आकड्यांना द्यावी. तसे लिहिले तर वाचक दोषी न ठरता ग्राहक आणि नागरिक ठरेल.

असो. एवढे लिहिल्यावरही पुढच्या रविवारी 'बॅटरी टिकवण्याच्या दहा युक्त्या' येतील ह्यात मला शंका नाही. त्या वाचताना एवढेच करावे: प्रत्येक युक्तीपुढे 'लाइट आली तर' हे तीन शब्द जोडून पाहावेत आणि मग त्यांतल्या किती उभ्या राहतात ते मोजावे.